मेरठचे ग्लोव्हज

बद्रीनाथच्या गळ्यातले हार कानापर्यंत आले, तेव्हा इलियासनं टाळ्या वाजवायचं थांबवलं.

आमखास मैदानावर मांडव घातला होता. परवा बद्री भारतीय संघाबरोबर इंग्लंडला निघणार होता. आधी कसोटी सामने, मग एकदिवसीय, तिथून पुढं आयर्लंड. तिकडचा अख्खा उन्हाळा क्रिकेटचा. आणि एवढ्या मोठ्या दौऱ्यावर यष्टिरक्षक एकच, बद्री. इलियासचं नाव राखीव खेळाडूंत होतं. राखीव म्हणजे काय, तर पोट वाढू द्यायचं नाही, फोन चार्ज ठेवायचा आणि घरी बसून मॅच बघायची.

दोघंही याच मैदानावर यष्टीमागं उभं राहायला शिकले होते. बद्री फुलंब्रीहून एसटीनं यायचा, इलियास रोशन गेटहून सायकलवर. मागच्या दौऱ्यात दोघंही संघात होते. बद्री खेळला, इलियासनं त्याला पाणी नेऊन दिलं. जळफळाट तेव्हाही झालाच होता. पण विमानात शेजारी जागा होती, अंगात तसाच ब्लेझर होता, म्हणून गिळता आला. या वेळी काही केल्या गिळवत नव्हता.

लोक हात मिळवायला पुढं येत होते. बद्री लांबूनच नमस्कार करत होता.

'हात द्यायलाही जीव जातोय आता साहेबाचा,' इलियास मनात म्हणाला.

पण खरं दुखणं ग्लोव्हजचं होतं. संघ जाहीर झाला त्याच आठवड्यात बद्री त्याच्या घरी आला होता, मेरठहून करवून घेतलेली कोरी जोडी घेऊन. "इल्या, हे रोज नेटमध्ये घाल. दौऱ्याच्या आधी मऊ झाले पायजेत," एवढंच म्हणाला आणि चहासुद्धा न घेता गेला.

यष्टिरक्षकाचे नवे ग्लोव्हज म्हणजे नुसतं लाकूड. चेंडू तळव्यावर आदळतो आणि बाहेर उडतो. रोज घालून ढीगभर चेंडू झेलावेत, तेव्हा कुठं चामडं हाताला वळतं. हे काम जो तो आपल्या हातांनी करतो, कारण ग्लोव्हज ज्याच्या हाताला वळतात त्याचेच होतात. बद्रीनं मात्र ते इलियासवर टाकलं होतं. नवरदेवाचे जोडे मऊ करायला करवल्याला द्यावेत, तसं! जोडी कुणाची, हे विचारायची गरजच नव्हती. बद्रीचा पंजा फावड्याएवढा. त्याच्या मापाचं दुकानात मिळत नाही, म्हणून तर मेरठ.

इलियासनं जोडी प्लास्टिकसकट कपाटावर भिरकावली आणि तळव्याला फाटत आलेले आपले जुनेच ग्लोव्हज घालून नेटमध्ये जात राहिला. एकदा अम्मीनं, अमिनाबींनी, टोकलं, "बेटा, बद्रीचं सामान धूळ खातंय."

"खाऊ दे. नोकर पाहिजे असेल तर पगारावर ठेवील तो."

आज सकाळी बद्रीचा निरोप आला, येताना ग्लोव्हज घेऊन ये. सत्काराच्या आधी इलियास मैदानामागं गेला. प्लास्टिक फाडलं, ग्लोव्हज मातीत लोळवले, भिंतीवर आपटले आणि रुमालानं पुसले. वरून तरी रोज वापरल्यासारखे दिसत होते. पहिलाच झेल तळव्यावरून उडाला की कळेल बेट्याला, असं त्याच्या मनात आलं. आणि त्याला चक्क बरं वाटलं.

भाषणं संपली. बद्री हार काढून मांडवामागं आला.

"आणलेस?"

इलियासनं पिशवी पुढं केली.

"रोज घातलेस ना?"

"रोज. लोण्यासारखे झालेत."

"मंग तुला पहिल्याच दिवशी कळलं असंल," बद्री म्हणाला. "मी वाट बघत व्हतो. तू काहीच बोलला नाय."

"काय कळलं असंल?"

बद्रीनं उजवा हात पुढं केला. करंगळीशेजारचं बोट निळं पडून वाकडं झालं होतं.

"मागल्याच मालिकेत मोडलं. बरं व्हईल, बरं व्हईल म्हणून लपवलं. काल बोर्डाच्या डॉक्टरला मीच सांगून टाकलं. सांजच्याला तुला फोन येईल. परवाच्या विमानात तू हायेस इल्या. उतरल्या उतरल्या मॅच."

इलियासनं मांडवाकडं पाहिलं. हार अजून खुर्चीवर पडले होते.

"लोकांनी हौसेनं घातला मांडव," बद्री म्हणाला. "जाहीर व्हायच्या आधी नाय कसं म्हणू? लई लाज वाटली तिथं उभं राहायला."

"मला तरी आधी सांगायचं, यार."

"अन बोट बरं झालं असतं तर? उगं कशाला आस लावायची तुला? पर तुझे ग्लोव्हज फाटलेले दिसत व्हते. म्हणलं, काय व्हायचं ते होवो, तयारी तर राहू दे." बद्रीनं पिशवीतून जोडी काढून त्याच्यापुढं धरली. "घाल. मला बघू दे."

इलियासनं हात घातले. बोटं थेट टोकाला जाऊन टेकली. ना सैल, ना घट्ट. बद्रीचा पंजा त्यात अर्धासुद्धा शिरला नसता.

"व्वा! आता मूठ मिट बघू," बद्री म्हणाला.

इलियासनं सगळा जोर लावला. मूठ काही मिटेना.