शीर्षकाच्या कंसात

"शीर्षकाच्या कंसात काहीबाही लिहीत जाऊ नकोस," ताईनं बजावलं होतं. "शीर्षकाची आज्ञा कंसातलं वाचत नाही, जसंच्या तसं उचलते. एक प्रत प्रकरणावर ठेवते, दुसरी अनुक्रमणिकेसाठी बाजूला काढते. प्रकरणातली खोडलीस तरी ती दुसरी तशीच राहते. फाइल दोनदा चालवलीस, तरच जाते."

"हो गं बाई, कळलं," धाकटी म्हणाली आणि लेकीच्या तोंडात घास कोंबला. संगणकावर आज्ञा लिहायच्या, फाइल चालवली की छापायची पानं तयार; पुस्तकांची ही जुळणी ती ताईकडूनच शिकली होती. आता शिकवणं पुरे, असं तिला वाटायचं.

एकटीनं केलेलं हे तिचं पहिलंच पुस्तक. विषय एकांत. लेखक निवृत्त प्राध्यापक, राग कायम नाकावर. प्रकाशकानं आधीच सांगून ठेवलं होतं, "सर खूश झाले तर पुढची कामं तुलाच. नाहीतर रामराम."

एका प्रकरणाचं शीर्षक लिहिताना तिनं कान टवकारले. आतल्या खोलीतून आवाजच येईना. एवढं पान होऊ दे, मग उठते, असं म्हणत तिनं आठवणीसाठी तिथंच कंसात चार शब्द टाइप केले. फाइल चालवली, पान पाहिलं आणि धावली. लेक कपाटाला मन लावून क्रीम फासत होती. कपाट पुसून आल्यावर तिनं ते शब्द खोडले, फाइल एकदा चालवली. शीर्षक स्वच्छ. पुस्तक पाठवलं.

सकाळी प्राध्यापकांचा फोन. "अनुक्रमणिका पाहिलीत?"

तिनं उघडली. 'शांततेचे सुख पोरगी केव्हाची गप्प आहे'. पुढं टिंबं, पानाचा आकडा. ताईचं 'दोनदा' तिला आत्ता आठवलं.

"सर, चुकलं माझं. आत्ता काढते."

"आधी ऐका. तुम्हाला झापायलाच फोन हातात घेतला होता. मग वाटलं, आमच्याकडंही केव्हाचं कुणी बोललेलं नाही. जाऊन बघतो तर आमच्या मातोश्री, मधुमेह असताना, साखरेचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या! वर मलाच म्हणतात, 'तू लिही रे निवांत.'"

"मग… काढू ना ओळ?"

"खबरदार! फक्त 'पोरगी' काढा, 'आई' घाला."

पुस्तक तसंच छापून आलं.

आता तुम्ही. इथवर निवांत वाचता आलं, म्हणजे तुमच्याही घरात कुणीतरी गप्प आहे. उठा, आधी बघून या.