चुकीचा पासवर्ड

भिलाईतल्या मराठी मंडळाची वेबसाइट समीर हौसेनं सांभाळायचा. सहा महिन्यांपूर्वी वारलेल्या सचिव अच्युतरावांच्या खात्यात कोणीतरी रोज दुपारी शिरू पाहत होतं. पासवर्ड दरवेळी चुकत होता. मंडळाची निवडणूक तोंडावर आलेली, त्यामुळे समीरचा संशय विरोधकांवर गेला. पण नोंदी तपासल्या, तर फोन अच्युतरावांचाच निघाला. समीर तडक भिलाईतल्याच कोहका भागात त्यांच्या घरी गेला.

"काकू, काकांचा फोन कोण वापरून राहिलं?"

पद्मजाकाकू ओशाळल्या. "मीच. ह्यांनी तिथं काय लिहून ठेवलं, ते वाचाचं होतं मले. पोरांची नावं, गावाचं नाव, सारं टाकून पाह्यलं."

"आणि तुमचं नाव?"

"ते तर पहिल्याच दिवशी टाकलं होतं."