गोळ्यांचा साचा

रश्मीचा भाऊ घरचा धंदा सोडून सणसवाडीच्या कंपनीत लागला तेव्हा तिच्या वडिलांनी, आप्पांनी, रागाच्या भरात मासेमारीच्या जाळ्याचं सगळं शिसं कोयत्यानं तोडलं आणि "भीमेत टाकून आलो" म्हणाले. आज रश्मीनं चुलीवर भंगारातलं शिसं वितळवलं आणि शिकारी आज्याचा, रायफलीच्या गोळ्या ओतायचा साचा पुढ्यात घेतला. जाळ्याला वजन म्हणून गोळ्याच लावायच्या होत्या. पण पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या. "बाईमाणूस कुठं जाळं टाकतं व्हय?" म्हणून सकाळी तिला झिडकारणारे आप्पा उंबऱ्यावरून बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. "साचा गार हाय. आधी तापव. मग गोळीच्या टोकाकडनं ओत, बूड सपाट येतं." तिनं तसंच केलं. गोळी आरशासारखी निघाली. "आप्पा, एवढं शिसं पुरायचं न्हाई." आप्पा आत गेले, जड पिशवी घेऊन आले आणि जाळ्याचं तेच तुटकं शिसं त्यांनी पातेल्यात टाकलं.