तिसरा सदस्य

समितीच्या कारकून तांबटबाईंनी अकराव्यांदा तीच फाईल टेबलावर आपटली. आमदारांच्या गैरवर्तनाची चौकशी करणारी समिती म्हणे! तिघे जमल्याशिवाय बैठक भरत नाही, आणि दोन वर्षांत तिसरा काही उगवला नव्हता. फोन करून करून बाईंचा घसा बसला होता.

आजही अध्यक्ष आणि एक सदस्य, एवढेच. चहा निवून गेला. तेवढ्यात दार उघडून एक आमदार हसत आत आले आणि बाईंच्या हातात पत्र ठेवून खुर्चीत बसले. समितीवर कालच नेमणूक झाली होती त्यांची.

“झाले तिघे!” अध्यक्ष खुलले. “वाचा बाई, कुणाविरुद्ध तक्रार आहे?”

“यांच्याच.”

आमदार लगेच उठले. “मग मला बसता येणार नाही. स्वतःच्या चौकशीत सदस्याने थांबू नये, असा नियमच आहे. आपण नियमाबाहेर जात नाही.” हात जोडून ते बाहेर पडले.

पुन्हा दोघेच उरले. बाईंनी दातओठ खात ‘बैठक तहकूब’ लिहिलं.

आमदार दारातून डोकावले. “बाई, माझी हजेरी लावलीत ना? पुढच्या वेळीही येतो मी, अगदी वेळेवर.”