शेजारची सीट

बायकोने गाडीखालून हात बाहेर काढला आणि भाडेकरूने नेमका हवा तो पाना त्यात ठेवला. नवऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं पाने पुरवायचं काम त्याचं होतं.

गाडी जुनी, लाल आणि दोनच सीटची. लग्नानंतर दोघांनी मोठ्या हौसेने घेतलेली स्पोर्ट्स कार. बायको चालवायची, तो शेजारी बसायचा. पत्र्याच्या कारखान्यातली दिवसभराची ठोकाठोक त्या सीटवर टेकलं की तो पार विसरून जायचा. आता गंजका सायलेन्सर काढून चकचकीत नवा बसवायचा होता, आणि बाईसाहेबांनी मदतीला बोलावला कोण, तर वरच्या खोलीतला हा टोणगा.

"मी काय मेलोय?" त्याने सकाळीच विचारलं होतं.

"अहो, तुम्ही आराम करा!" बायको केवढ्याने तरी ओरडली होती.

हल्ली हे असंच. नवऱ्याशी बोलायचं ते खेकसून, भाडेकरूशी बोलायचं ते कुजबुजत. आता तर भाडेकरूही खाली सरकला होता आणि दोघं गाडीखाली पाठीवर पडली होती. ओठ हलत होते, मधेच हसणं चाललं होतं. हा जवळ गेला की दोघं गप्प. त्याने मनातल्या मनात भाडेकरूचं सामान दोनदा रस्त्यावर फेकलं, गादीसकट.

नवे क्लॅम्प आवळून झाले. उरलं शेवटचं काम. इंजिन चालू करायचं, नळीच्या तोंडावर फडकं दाबायचं आणि एखाद्या जोडातून हवा फुसफुसते का, ते कान देऊन ऐकायचं. हे तरी त्याचंच होतं. तो फडकं घेऊन पुढे झाला.

बायकोने ते त्याच्या हातातून काढून भाडेकरूला दिलं.

त्याला रडूच यायला लागलं. तो घरात गेला, मोरीत उगाचच हात धूत राहिला. गाडीत माणसं दोनच मावतात. तिसऱ्याने जायचं कुठे? नाही, आज सोक्षमोक्ष लावायचाच.

तो शेडमध्ये परतला. बायको स्टीअरिंगपाशी बसली होती आणि त्याच्या सीटवर भाडेकरू. पुन्हा तीच कुजबुज.

"ऊठ तिथून! ती माझी जागा आहे," तो गरजला. भाडेकरू निमूटपणे उतरून बाजूला झाला. नवऱ्याने बायकोकडे बघितलं. "आणि तू! याच्याबरोबर जायचं असेल तर तोंडावर सांग. कुजबुजू नकोस. नाहीतर कर गाडी चालू, नवा सायलेन्सर कसा वाजतो ते मलाही कळू दे."

बायकोचे डोळे भरले. ती खाली उतरली. समोरच्या घरातली बाई दोन्ही कानांवर हात दाबून खिडकीत उभी होती. बायकोने नवऱ्याचा हात धरला आणि बॉनेटवर ठेवला.

बॉनेट थडथडत होतं. गाडी केव्हाची चालूच होती.