मावशीचा ठिपका वगळून

"आता मला काढून टाक," मावशी म्हणाली.

भाचीने मान वर केली. "कशातून?"

"या चित्रातून गं. जगातून नव्हे."

रविवारची सकाळ होती. लॅपटॉपच्या पडद्यावर बारा ठिपके होते. बारा ठिपके म्हणजे इमारतीतली बारा माणसं, आणि मधल्या रेघा म्हणजे त्यांचं आपसातलं बोलणं. कोण कोणाशी आठवड्यातून किती वेळा बोलतं, याचा तक्ता मावशीने पट्टी घेऊन स्वतः आखला होता. डावीकडे बारा नावं, वर तीच बारा नावं, मधे आकडे. तिची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. कोणाला कोणाशी जोडायचं, हे तिला झोपेतही सुचायचं. भाचीचं पोट आकड्यांवर चालायचं. अशा तक्त्याचं जाळं काढणं म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ.

तरी पहिल्यांदा फजितीच झाली होती. प्रोग्रॅमने तक्ता वाचला आणि सगळ्यांना सगळ्यांशी जोडून टाकलं.

"काहीतरीच काय!" मावशी म्हणाली होती. "आपली बिल्डिंग इतकी प्रेमळ नाही."

घोळ तक्त्यात होता. जिथे बोलणं नाही, तिथे मावशीने चौकोन कोरे सोडले होते, आणि प्रोग्रॅमने कोऱ्या चौकोनालाही नातं समजून रेघ ओढली होती. भाचीने कोऱ्या जागी शून्य भरलं. तिरप्या ओळीतही शून्यच, कारण स्वतःशी कोण बोलतं?

"कर्नल बोलतात," मावशी म्हणाली. "पण राहू दे."

आता चित्र नीट उमटलं होतं. मधोमध मावशी, आणि तिच्यापासून चहूकडे जाड-बारीक रेघा. भाचीने एक ओळ लिहून मावशीचा ठिपका काढला, आणि जाळं फुटलं. कर्नल एका कोपऱ्यात एकटे. शिवणवाल्या आजी एकट्या. दुसऱ्या मजल्यावरचे गणिताचे सर एकटे. आणि अगदी खाली, सगळ्यांपासून लांब, आणखी एक ठिपका.

"ही मी?"

"मग? चौथ्या मजल्यावर काय पाहुणी म्हणून राहतेस?"

भाचीने पडद्यावरच्या त्या ठिपक्यावर बोट टेकवलं. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती, आणि तेव्हापासून मावशी हेच तिचं घर होतं. दुसऱ्या कोणाची गरज आहे, असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

त्या दिवसापासून मावशीचा खटाटोप सुरू झाला. कर्नलांच्या कोटाचं बटण तुटलं तेव्हा, "मला बाई सुई दिसत नाही," म्हणून तिने त्यांना शिवणवाल्या आजींकडे धाडलं. मावशी स्वतः चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायची! सरांना बुद्धिबळाला कोणी मिळत नाही, म्हणून भाचीला त्यांच्यासमोर बसवलं. भाची तीन दिवस रोज एक डाव हरली आणि चौथ्या दिवशी आपणहून खाली गेली.

दर रविवारी नवा तक्ता, नवं जाळं. आणि दर वेळी तेच: "आता मला काढ."

हळूहळू भाचीला इतर गोष्टी दिसू लागल्या. मावशी दर गुरुवारी डॉक्टरांकडे जाते. परत आली की खिडकीशी गप्प बसते. कपाट रिकामं होत चाललंय. ठेवणीतली शाल तिने सहज भाचीच्या खांद्यावर टाकली, "राहू दे तुझ्याकडे," म्हणून. फोन आला की ती गॅलरीत जाऊन दार लोटून घेते.

"कोण होतं?"

"डॉक्टर."

"काय म्हणाले?"

"काही नाही गं. बीपी बरं आहे."

नवव्या रविवारी भाचीने मावशीचा ठिपका काढला, आणि जाळं फुटलं नाही. अकराही ठिपके एकमेकांना धरून होते. भाचीच्या ठिपक्यापासूनच पाच रेघा निघाल्या होत्या.

मावशीचे डोळे भरून आले. "चला," ती म्हणाली, "आता मी मोकळी."

भाचीने लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून ती थेट दवाखान्यात गेली. पेशंट कोणी नव्हतं. डॉक्टर स्वतःच खोक्यांत पुस्तकं भरत होते. तिला पाहून ते लगबगीने उठले. "ये, ये. बस."

ती बसली नाही. "डॉक्टर, मला खरं सांगा. मावशीचे किती दिवस राहिलेत?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "तिने सांगितलं तुला?"

"नाही. मीच ओळखलं."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, बोटाने चौकोन मोजले.

"एकोणीस."

भाचीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. किती वेळ तिला काही ऐकूच येईना. डॉक्टर पाण्याचा ग्लास घेऊन समोर अवघडून उभे होते.

"तुला जड जाणार, हे मी तिला म्हटलं होतं," ते म्हणाले. "पण तिचा एकच हेका. आधी माझी पोर चार माणसांत रुळू दे, मगच मी इथून हलेन. तुझं मन होत नसेल तर तारीख पुढे ढकलू. दोन वर्षं थांबलोय, आणखी थोडा थांबेन. फक्त रजिस्ट्रारपुढे साक्षीदाराची सही तुझीच हवी, असं नवरीचं म्हणणं आहे."