साहेबांची वाटी

कप्तानसाहेब जेवण तपासायला येतायत म्हटल्यावर भिकाजी आचाऱ्याचा हात सवयीने छोट्या पातेल्याकडे गेला. साहेबांनी चाखायची डाळ तो त्यात वेगळी शिजवायचा, वरून लसणीची चरचरीत फोडणी देऊन. देशी खलाशांसाठी मोठा टोप होता. त्यात किडकी डाळ, खडे आणि पाणी.

इंग्रजांच्या त्या लढाऊ जहाजावर असंच चाले. साहेब वाटीतली डाळ चाखत, "कुणाची तक्रार?" विचारत आणि रांगेतले सगळे मान खाली घालत. काल मात्र भिकाजीच्याच गावचा एक खलाशी कोठडीतून सुटून आला आणि म्हणाला, "काम गोऱ्यांएवढा, पगार अर्धो, जेवणात किडे. बोललंय तर कोठडी. आणि भिकूदादा, तुझी ती वाटी आमच्यावर रोज खोटी साक्ष देता."

रात्रभर ते वाक्य भिकाजीच्या उरात खडा होऊन बसलं होतं. त्याने छोटं पातेलं मोरीत पालथं केलं आणि साहेबांची वाटी मोठ्या टोपात बुडवली.

साहेबांनी घास घेतला. दाताखाली कचकन खडा आला. थू थू करत ते गरजले, "हे जेवण आहे? कुत्रंसुद्धा तोंड लावणार नाही याला!"

भिकाजीचा आवाज खणखणीत निघाला.

"ऐकलात काय रे पोरांनो? आज तक्रार सायबान केली! आता कोणाक कोठडीत टाकतत, बघूया!"

रांगेतली एकही मान खाली नव्हती.